माझं शांतता खातं

मराठी मंडळात प्रत्येकाचं एक खातं असतं. कुणाकडे माइक, कुणाकडे जेवण, कुणाकडे भारतातून आलेल्या कलावंतांना विमानतळावरून आणणं आणि वाटेत त्यांच्या कंबरदुखीची चौकशी करणं. माझ्याकडे शांतता.

हे खातं मी मागून घेतलेलं नाही. फार पूर्वी, मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये नवा असताना, मंडळाने एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. बुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला आणि माझ्या मागच्या रांगेत कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली याचा आलाप सुरू झाला. दोन्ही विलंबित. शेवटी मला राहवेना. मी उभा राहिलो, मागे वळलो आणि असा काही ‘शूऽऽ’ केला की मागची रांग तर गप्प झालीच, पण बुवांनीही डोळे उघडून तबलजीकडे संशयाने पाहिलं. मध्यंतरात अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून अध्यक्ष कितीही बदलले, आमचं खातं कायम.

लोक हसतात, पण यात तंत्र आहे. आधी नुसतं खाकरायचं. मग बोलणाऱ्याच्या खुर्चीशी जाऊन उभं राहायचं आणि त्याच्याकडे अजिबात न बघता समोर बघायचं. सुशिक्षित माणूस एवढ्याने खजील होतो. तेवढ्याने भागलं नाही तर बोट. ओठांवर ठेवायचं बोट नव्हे, ते बालवाडीतलं. हात वर करून, क्रिकेटमधला अंपायर बाद देतो तसं, ताठ. आणि सगळंच फसलं तर शेवटचं अस्त्र: “शूटिंग चालू आहे.” मराठी माणूस कलेसाठी गप्प बसेलच असं नाही, पण आपला आवाज व्हिडिओत कायमचा राहील म्हटलं की तो खोकलासुद्धा गिळतो.

तर अशा या कर्तृत्वाची माहिती मी आमच्या शेजारीणबाईंना द्यायला नको होती.

शेजारीणबाई म्हणजे उजव्या हाताच्या घरातल्या. आमच्या रस्त्यावर देशी घरं इतकी की संध्याकाळी फोडणीच्या वासावरून कोण तेलुगू, कोण गुजराती हे सांगता येतं. त्यात त्यांचं एकटीचं कृष्णवर्णीय घर. कोर्टात साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे जे बोलतील ते शब्दन्‌शब्द यंत्रावर टिपायचं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. आता निवृत्त. आमचे संबंध उत्तम, म्हणजे कचऱ्याच्या डब्यांपुरते. त्यांचे टोमॅटो आमच्याकडे यायचे, आमचे दिवाळीचे लाडू तिकडे जायचे, आणि डबे रस्त्याकडेला नेताना मी हवामानावर एक वाक्य टाकायचो. रविवारी त्यांच्या खिडकीतून पियानो ऐकू यायचा, पण त्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या मुलीने लहानपणी तिकडे कुकी खाता खाता त्यांच्या तीन पिढ्यांची माहिती काढून ठेवली होती. पण आमची मुलगी आम्हाला काही सांगते थोडीच.

गेल्या वसंतात एका संध्याकाळी डब्यांपाशीच त्या म्हणाल्या, “नेबर, मी वाचणार आहे.”

“काय वाचणार?”

“मी लिहिलेलं.”

मग कळलं की आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, एका कॉलेजच्या आवारात, कृष्णवर्णीय कला, संगीत, लेखन आणि वारसा यांचं विभागीय संमेलन भरतं. दोन दिवस. आजूबाजूच्या राज्यांतून माणसं येतात. त्यात त्यांना अर्ध्या तासाची जागा मिळाली होती. त्यांचे वडील खेडोपाडीच्या चर्चमध्ये पियानो सुरात लावत हिंडायचे, त्यांच्याबद्दल त्या काही वर्षं लिहीत होत्या.

“आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टिपलं,” त्या म्हणाल्या. “आपलं काही वाचून दाखवलं नाही. तर मी ठरवलंय, हे तिथे लोकांपुढे टिकलं तर पुस्तक करायचं. नाही टिकलं तर कागद कपाटात, आणि मी माझ्या टोमॅटोंकडे.”

“प्रॅक्टिस करताय की नाही?”

“गॅरेजमध्ये. वॉशिंग मशीनसमोर. ते निदान उत्तर तरी देतं.”

मी मोठ्याने हसलो. मला तो विनोद वाटला. माझी विनोदबुद्धी चांगली आहे असं मंडळात बोललं जातं, बहुधा मीच बोलतो.

आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, मी म्हणालो, “मी व्हॉलंटियर म्हणून येऊ का? मला सभागृहांचा बराच अनुभव आहे.” आणि शांतता खात्याची थोडक्यात माहिती दिली. थोडक्यात म्हणजे इतकी, की डास चावून चावून त्या शेवटी घरात गेल्या.

घरी बायको म्हणाली, “तुम्हाला बोलावलंय की तुम्ही घुसलात?”

“अगं, मदत.”

“मदत म्हणजे गप्प राहून खुर्च्या लावायच्या. आणि एक ऐका. तिथे दिसेल त्याला ‘आमच्याकडेही अस्संच असतं’ सांगत सुटू नका.”

“पण असतं ना गं.”

“दिवसातून तीनदा. चौथ्यांदा म्हणालात तर मी गाडीत जाऊन बसेन.”

त्याच आठवड्यात मंडळातल्या एका मित्राचा फोन आला. कुठे निघालोय ते सांगितल्यावर तो म्हणाला, “हो का? व्वा. तिकडे पार्किंग वगैरे सेफ आहे ना यार?” मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. इतकी वर्षं या देशात राहून आपण असले प्रश्न विचारतो, आपल्याला लाज वाटली पाहिजे, वगैरे. बरंच झोंबेल असं बोललो. फोन ठेवला आणि शनिवारी सकाळी जुनी गाडी काढली.

बायकोने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा लावला. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाला असा पट्टा लावण्याचा आवाज ओळखता येतो.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये शिरलो तर सगळीकडे नुसत्या चकचकीत, धुतलेल्या, आमच्या नव्या गाडीलाही लाजवतील अशा गाड्या. त्यांत आमची, मागच्या दाराला पोचा आलेली. सूट घातलेल्या एका गृहस्थांनी काचेत वाकून अत्यंत अदबीने विचारलं, “सर, डिलिव्हरी आहे का?” आणि नाही म्हटल्यावर तितक्याच अदबीने आम्हाला मैदानाच्या पार टोकाला, एका झाडाखाली पाठवून दिलं. मला वाटतं त्यांना आमच्या गाडीच्या सुरक्षिततेची काळजी नव्हती, इतरांच्या गाड्यांची होती.

वारसा म्हटल्यावर मी रेशमी कुर्ता घातला होता. मोतिया रंगाचा, लग्नाकार्यातला. दारातल्या बाईंनी नावाची पट्टी देताना कौतुकाने विचारलं, “तुम्ही कितीच्या कार्यक्रमात गाताय?” मी म्हणालो, मी व्हॉलंटियर. त्यांनी कुर्त्याकडे पाहत एक भडक पिवळं जाकीट पुढे केलं. ते मी वरून चढवलं. आरशात पाहिलं तर नवरदेव विमानतळावर सामान चढवायला निघाल्यासारखा दिसत होतो.

दालनात काय गर्दी! पुस्तकांची टेबलं, चित्रं, लाकडात कोरलेली वाद्यं, डोक्याला रंगीत वस्त्रं बांधलेल्या बायका, फुलांच्या आणि पिसांच्या हॅट घातलेल्या आज्या, मधोमध ढोल वाजवणारी मंडळी आणि त्यांच्याभोवती नाचायला लाजत नसलेली सगळ्या वयाची माणसं. पहिल्याच टेबलावर जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची शिवलेली पांघरुणं होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्याकडेही अस्संच असतं! गोधडी!” बायकोने एक बोट दुमडलं. ढोलांपाशी दुसरं. जेवणाच्या टेबलावर शिजवलेल्या हिरव्यागार पानांचं पातेलं पाहून मला अळूचं फदफदं आठवलं आणि मी वाढणाऱ्या बाईंना तसं सांगितलंही. त्या खूश झाल्या. “हो? तुमच्याकडे पण डुकराच्या पायाचं हाड घालून शिजवतात?”

तिसरं बोट. पंधरा मिनिटांत माझा दिवसाचा कोटा संपला.

शेजारीणबाई छोट्या सभागृहाच्या दाराशी भेटल्या. निळा सूट, गळ्यात मोती, हातात कागदांची फाइल. फाइल उघडून त्या पुन्हा पुन्हा पानं मोजत होत्या.

“नेबर, आलात.”

“मॅम, तुम्ही काही काळजी करू नका. हॉल माझ्याकडे आहे.”

“तेच तर बरं वाटतंय,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

कानाला हेडसेट लावलेल्या संयोजकबाईंनी माझं काम समजावून दिलं. बाहेर ढोल आहेत, त्यांचा आवाज आत यायला नको. वाचन सुरू झालं की दार लावून घ्यायचं, उशिरा येणाऱ्यांना हळूच आत सोडायचं. एवढंच. “दार सांभाळा, सर. बाकी काही करायचं नाही.” मी मान डोलावली. पण दार हे कशाचं असतं? हॉलचं असतं. आणि हॉल कुणाचा असतो? ज्याचं दार, त्याचा. हा विचार मी त्यांना बोलून दाखवला नाही, तिथेच घोळ झाला.

हॉल भरला. पुढच्या दोन रांगांत शेजारीणबाईंच्या चर्चमधली मंडळी, त्यातही दुसऱ्या रांगेच्या कडेला जांभळी हॅट घातलेल्या एक वयोवृद्ध बाई, हॅट इतकी मोठी की मागचे दोघे जरा तिरपे बसले होते. बायको चौथ्या रांगेत. एका बाजूला तिपाईवर कॅमेरा, संमेलनाच्या संग्रहासाठी. मी दार लावलं, पाठ टेकली आणि हाताची घडी घातली.

शेजारीणबाईंनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं. त्यांचे वडील गावात शिरायचे तेव्हा गाडीच्या आधी त्यांच्या हत्यारांचा आवाज यायचा, असं काहीसं.

“म्‌म्‌हं,” कुणीतरी म्हणालं.

मी कान टवकारले.

दुसरं वाक्य. “हो ना!” तिसऱ्या रांगेतून. तिसरं वाक्य. “सांग, सांग!” एका गृहस्थांनी तर मांडीवर थाप मारली. अर्धं पान व्हायच्या आत पाच-सहा जणांनी मध्ये तोंड घातलं होतं. आणि त्या जांभळ्या हॅटवाल्या बाई. त्या तर प्रत्येक पूर्णविरामाला काही ना काही बोलतच होत्या. एकदा त्या चक्क म्हणाल्या, “सावकाश, बाळा, सावकाश.”

मला वाटलं, झालं. बाई पहिल्यांदा वाचतेय, आणि ही माणसं तिला दोन ओळी सलग वाचू देत नाहीत. वर हिला सूचना! मंडळातले लोक निदान आपापसात तरी बोलतात, ही तर थेट स्टेजशीच बोलतायत. या बाईने आयुष्यभर कोर्टात सगळ्यांचं निमूटपणे ऐकून घेतलं, आणि आज तिची पाळी आली तर तिचं कुणी ऐकून घेत नाही. मला तिचा कैवार घ्यावासा वाटला. खरंच सांगतो. माझ्यातला शांतता खात्याचा अधिकारी जागा झाला.

आधी खाकरलो. काही उपयोग नाही, उलट एकाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्याला वाटलं मीही दाद देतोय.

मग मी कडेकडेने पुढे गेलो आणि मांडीवर थाप मारणाऱ्या गृहस्थांच्या खुर्चीशी उभा राहिलो. समोर बघत. त्यांनी सरकून मला बसायला जागा दिली.

बायको मला खुणा करत होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उलट तीच एका वाक्याला “अगंबाई” म्हणाली होती, तेव्हा तिच्याकडेही एक कटाक्ष टाकला.

शेवटी मी भिंतीशी, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो. हात वर केला. बोट ताठ. दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याकडे दाखवलं आणि ओठ हलवून, आवाज न करता सांगितलं, रेकॉर्डिंग.

आणि काय सांगू! हॉल गप्प झाला.

ती सगळी सभ्य माणसं होती. दक्षिणेतली, चर्चमध्ये वाढलेली, पिवळ्या जाकिटातल्या माणसाला मान देणारी. त्यांना वाटलं संग्रहासाठी रेकॉर्डिंग आहे, आपला आवाज त्यात नको असणार, संयोजकांचा नियम असेल. एकेकाने पाठ सरळ केली, हात मांडीवर घेतले, तोंड मिटलं. जांभळी हॅटसुद्धा एकदा माझ्याकडे वळली आणि परत पुढे झाली. असली शांतता मला मंडळात कधी, कधी मिळालेली नाही. टाचणी पडली असती तर मी तिच्याकडेही बोट दाखवलं असतं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिने कपाळाला हात लावला होता.

शेजारीणबाई वाचत होत्या. त्या आता त्या प्रकरणातल्या मुख्य प्रसंगाकडे आल्या होत्या. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. गोऱ्या मुलांच्या शाळेतला पियानो दरवर्षी लावायला त्यांच्या वडिलांनाच बोलवायचे, कारण त्या जिल्ह्यात तसा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. आत मात्र मागच्या दाराने जायचं. वडील मागच्या दाराने जायचे, दिवसभर बसून पियानो लावायचे, सगळ्या पट्ट्या अगदी चोख. एक सोडून. एक पट्टी ते मुद्दाम केसभर उतरलेली ठेवायचे. आणि पुढच्या वर्षी परत आले की आधी जाऊन ती वाजवून बघायचे, कुणाच्या लक्षात आलंय का.

शेजारीणबाईंनी कागदावरून मान वर केली. चष्म्याच्या वरून हॉलकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य म्हटलं.

“एकदाही नाही.”

टाचणी पडेल अशी शांतता.

मला आतून हसू फुटत होतं, पण खात्याचा प्रमुख म्हणून मी ते दाबलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचे खांदे हलत होते, त्यांनी रुमाल तोंडात घातला. सगळ्यांनी आपापलं हसू सभ्यपणे गिळलं. आणि समोर ती बाई उभी होती, मान वर करून. तिने आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य लोकांत टाकलं होतं आणि ते परत येत नव्हतं.

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू. “एकदाही नाही.”

काही नाही.

मग तिने कागद उलटला, चुकीचा उलटला, परत आणला. ओळ सापडेना. आवाज बारीक झाला. दोन वाक्यं वाचली, ती पहिल्या रांगेपर्यंतही पोचली नसतील. मी काम फत्ते झालेल्या माणसाचं समाधान चेहऱ्यावर ठेवून ऐकत होतो. मला वाटलं, शांततेचा हा परिणाम, बाई भारावून गेल्या. मग त्यांनी कागद जुळवून त्यांच्या कडा टेबलावर ठोकल्या आणि फाइल उघडली.

“मला वाटतं,” त्या म्हणाल्या, “इतकंच पुरे. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे.”

तेव्हा ती जांभळी हॅट वळली. पूर्ण वळली, हॅट, मान, खांदे, सगळं. मला सदुसष्टावं वर्ष चालू आहे. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या,

“अरे मुला, तू ते बोट घेऊन दिवसभर उभा राहणार आहेस का?”

मी वर पाहिलं. बोट अजून वरच होतं.

“मॅम, ते रेकॉर्डिंग...”

“रेकॉर्डिंग गेलं खड्ड्यात. ती तिथे बुडतेय. आम्ही तिला हात देत होतो, आणि तू आमचे हात बांधून ठेवलेस. तिला आम्ही ऐकू यायला हवं. नाही तर तिला कसं कळणार की आम्ही इथे आहोत?”

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. हेडसेटवाल्या संयोजकबाई दार ढकलून आत डोकावल्या, कारण दार सांभाळायला दाराशी कुणीच नव्हतं, आणि ढोलांचा आवाजही त्यांच्याबरोबर आत आला. शेजारीणबाईंच्या हातात फाइल अर्धी मिटलेली. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी ज्यांना व्यत्यय समजत होतो ते वाचनच होतं. अर्धं त्या वाचत होत्या, अर्धं हे लोक. मी अर्ध्याची वाचा बंद केली होती आणि उरलेलं अर्धं आता कपाटाकडे निघालं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो मला माहीत नाही. मी जे येतं तेच केलं. दोन्ही हात जोडले, मंडळात निवेदन करतो तो खणखणीत आवाज लावला आणि इंग्रजीत म्हणालो, “सर्व उपस्थितांना नम्र विनंती आहे, कृपया आवाज करावा!”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग रुमाल तोंडात घातलेल्या त्या गृहस्थांचं दाबून ठेवलेलं हसू फुटलं. आणि मग सगळा हॉल. हसले माझ्यावरच, पण काय हसले! पाय आपटले, खुर्च्यांवर थापा मारल्या. जांभळी हॅट स्टेजकडे वळली. “बाळा, तो माणूस आता सुधारलाय. ती पट्टी परत वाजव!”

“परत वाजव!” मागून कुणीतरी.

शेजारीणबाई आधी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही, आणि कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते वाचता येऊ नये अशीच सोय असते. मग त्यांनी फाइल उघडली. कागद परत काढले. परिच्छेदाच्या सुरुवातीला गेल्या. मागचं दार. चोख लावलेल्या पट्ट्या. “म्‌म्‌हं.” एक सोडून. “अरे देवा, नाही!” केसभर उतरलेली. “सांग त्यांना!” पुढच्या वर्षी वाजवून बघायचे.

त्या थांबल्या. आता चष्म्यावरून पाहिलं नाही, चष्मा काढूनच ठेवला.

“एकदाही नाही.”

जे हसू आलं ते लिहून दाखवता येणार नाही. एक बाई उभी राहून हात हलवत होती. एक गृहस्थ हसता हसता डोळे पुसत होते, आणि ते हसून पुसत होते असं मला शेवटी शेवटी वाटेनासं झालं. माझी बायको चौथ्या रांगेतून “बाई गं, काय माणूस!” असं शुद्ध मराठीत ओरडली, आणि तिच्या शेजारच्या अनोळखी बाईंनी “अगदी बरोबर!” म्हणून तिचा हात धरला. माझ्या तोंडून काय निघालं तर “होऊन जाऊ द्या!” ते तमाशाच्या फडात शोभतं. पण त्या हॉलमध्ये ते कुणाला खटकलं नाही.

वाचन अर्ध्या तासाच्या वर बरंच लांबलं. हेडसेटवाल्या बाई दोनदा आल्या आणि दोनदा ऐकत उभ्या राहिल्या. मी दार सांभाळलं. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

नंतर दालनात त्यांच्याभोवती माणसांचा गराडा. मी लांबूनच निसटायच्या बेतात होतो, पण बायकोने दंडाला धरून पुढे नेलं. मी पाठ केलेलं माफीचं भाषण सुरू केलं. प्रस्तावनेतच त्या म्हणाल्या, “नेबर, तुमच्या मंडळात लोक ऐकताना गप्प बसतात?”

“छे! कुठे बसतात!”

“मग तुम्ही त्यांना गप्प का करता?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणतो.

ते रेकॉर्डिंग संमेलनाच्या संग्रहात कायमचं गेलं. मुलीने ते पाहिलं आणि शिकागोहून फोन केला. ती तिथल्या एका संग्रहालयात काम करते, त्यामुळे संग्रह म्हणजे काय हे तिला नीट माहीत आहे.

“बाबा. बाबा. एका चर्च लेडीला शूऽऽ? इन अ हॅट?”

“अगं, मला वाटलं...”

“देअर इज अ फिंगर. बाबा, पूर्ण दहा मिनिटं फ्रेमच्या कडेला एक बोट आहे. पीपल विल स्टडी दॅट फिंगर.”

“कोण करेल स्टडी?”

“स्कॉलर्स, बाबा. दे विल थिंक इट मीन्स समथिंग.”

आणि आईला फोन दे म्हणाली. त्यानंतर दोघी पाऊण तास हसत होत्या. मी समोरच बसलो होतो. त्यांना गप्प करायचा मी प्रयत्न केला नाही, एवढी प्रगती नोंदवून ठेवतो.

पुस्तक चाललं आहे. शेजारीणबाईंनी कागद कपाटात ठेवले नाहीत, पण गॅरेजमध्येही वाचत नाहीत. आता दर बुधवारी दुपारी त्यांच्या मागच्या डेकवर आम्हा दोघांना बोलावतात आणि नवं लिहिलेलं वाचतात. चहा आमचा, पाय त्यांचा. पाय म्हणजे खायचा, रताळ्याचा गोड. आम्ही वॉशिंग मशीनच्या जागी. बायको या कामात जन्मतःच तरबेज निघाली. ती “हं”, “अगंबाई”, “मग?” असं इतक्या बेमालूमपणे टाकते की शेजारीणबाई तिच्या बाजूला तोंड करूनच वाचतात.

मला मात्र जमत नाही. इतकी वर्षं लोकांची तोंडं बंद करण्यात गेली, आता स्वतःचं कधी उघडायचं ते कळत नाही. एक तर मी उशिरा बोलतो, तेव्हा त्या पुढच्या वाक्यावर पोचलेल्या असतात. नाही तर घाईने बोलतो, आणि वाक्यच मोडतं. चांगल्या विनोदाला मी गंभीरपणे “बरोबर आहे” म्हणतो. गेल्या बुधवारी त्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचं प्रकरण वाचत होत्या. हॉस्पिटलमध्ये वडिलांची बोटं चादरीवर पट्ट्या शोधत हलायची, असं वाक्य होतं. मी नेमका इतका वेळ धीर गोळा करत बसलो होतो. जोरात म्हणालो, “येस मॅम! होऊन जाऊ द्या!”

बायकोने डोळे मिटले.

शेजारीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“इथे नाही, नेबर,” त्या म्हणाल्या. पेन्सिल घेतली, “इथे,” म्हणत कागदाच्या समासात दोन ओळी खाली एक बारीकशी खूण केली आणि ते वाक्य माझ्यासाठी पहिल्यापासून परत वाचायला लागल्या.